टेबल स्क्रीनवर नीट आणि कागदावर मोडलेलं: शोध कुठून सुरू करायचा

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. कोथरूडमधल्या तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी तुम्ही वर्डमध्ये सभासदांच्या थकबाकीचं टेबल केलंत. आडवं पान, नऊ रकाने, तीन पानं. घरच्या लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी होतं. पेन ड्राइव्ह घेऊन अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलात, तर शेवटचा 'शेरा' रकाना जवळजवळ गेलेला, काही उभ्या रेषा गायब, मराठी अक्षरांची डोकी कापलेली, दुसऱ्या पानापासून वर रकान्यांची नावंच नाहीत आणि शेवटी एक कोरं पान. दुकानदार म्हणाला, फाइल करप्ट आहे. तुम्ही घरी येऊन सगळं टेबल पुन्हा टाइप केलंत, तरी तेच. आता तुम्ही विचारताय, दोष वर्डचा की प्रिंटरचा?

मी नारायण पेठेत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायचं काम करते. सोसायट्यांचे आणि पतसंस्थांचे अहवाल, ताळेबंद, सभेच्या नोटिसा हे माझं रोजचं काम, आणि त्यात निम्म्याहून जास्त पानं टेबलांचीच असतात. त्या अनुभवावरून सांगते, तुमची फाइल करप्ट नसावी. करप्ट फाइल उघडताना अडते, मधेच बंद पडते, भलतीच चिन्हं दाखवते. तुमच्याकडे पाच वेगवेगळ्या तक्रारी एकाच कागदावर आल्यात आणि त्या पाचांची कारणं वेगळी आहेत. त्यामुळे 'वर्ड की प्रिंटर' याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. टेबल पुन्हा टाइप करूनही फरक पडला नाही, कारण त्यातल्या बहुतेक गोष्टी टेबलाच्या मजकुरात नाहीतच. त्या पानाच्या मापात, ओळीच्या उंचीत आणि फॉन्टमध्ये आहेत, आणि तुम्ही त्याच फाइलमध्ये नवं टेबल केलंत.

आधी एक स्पष्ट करते. तुमचं वर्ड कोणतं, फाइल जुन्या डॉक प्रकारची की नव्या डॉकएक्सची, मराठी युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या पद्धतीत) टाइप केलंय की श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तराचा बराच भाग त्यावर अवलंबून आहे. मी विंडोजवरचं वर्ड धरून लिहिते. मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतील.

सगळ्यात पहिलं काम: टेबलाला हात न लावता घरच्याच लॅपटॉपवर त्या फाइलची पीडीएफ करा. फाइल मेनूत 'सेव्ह ॲज' करून प्रकार पीडीएफ निवडा. ती पीडीएफ उघडून २०० टक्के मोठी करून प्रत्येक पान बघा. घरच्या पीडीएफमध्येच रकाना कापलेला असेल, तर दोष फाइलमध्ये आहे आणि तो घरीच दुरुस्त होईल. पीडीएफ बरोबर, पण दुकानात वर्डची फाइल उघडल्यावर टेबल हललं, तर दोन मशिनमधला फरक आहे: फॉन्ट, वर्डची आवृत्ती किंवा तिथला प्रिंटर. पीडीएफ दुकानातल्या स्क्रीनवरही बरोबर आणि कागदावरच चुकत असेल, तर प्रिंटरच्या सेटिंगकडे बघायचं. एवढं केल्याशिवाय समास कमी कर, फॉन्ट लहान कर असं काही सुरू करू नका. प्रत्येक बदलाने टेबल थोडं हलतं आणि मूळ दोष कोणता होता ते मग कळत नाही.

हे बघताना एक सांभाळा. बारीक रेषा स्क्रीनवर ठरावीक झूमला दिसतात आणि ठरावीक झूमला नाहीशा होतात. तो फक्त स्क्रीनच्या ठिपक्यांचा खेळ असतो. शंभर टक्क्यांना रेषा दिसली नाही पण दोनशेला दिसली, तर ती फाइलमध्ये आहे.

आता कापलेला रकाना. आडव्या पानावर उजवी कड जाते, तेव्हा माझा पहिला संशय कागदाच्या मापावर असतो. 'लेआउट' टॅबमध्ये 'साइज' उघडा आणि तिथे काय लिहिलंय ते बघा. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिमी. लेटर म्हणजे साधारण २१६ बाय २७९. लीगल म्हणजे २१६ बाय ३५६. लेटर मापाचं आडवं पान ए-फोरवर छापलं, तर रुंदीला काही अडचण येत नाही, उंचीतले ६ मिमी कमी पडतात, म्हणजे नुकसान झालंच तर खालच्या बाजूला होतं. तुमचं नुकसान उजव्या बाजूला आहे. म्हणून मला वाटतं तुमचं पान लीगल असावं. आपल्याकडे प्रतिज्ञापत्रं आणि करारनामे लीगलवर करण्याची पद्धत आहे. असा जुना नमुना उघडून त्यातच नवीन काम सुरू केलं, की पानाचं मापही त्याच्याबरोबर येतं. आडव्या लीगलची रुंदी ३५६ आणि आडव्या ए-फोरची २९७. डावी कड जुळवून छापलं, तर ५९ मिमी बाहेर जातात. त्यातले २५ मिमी कोऱ्या समासाचे धरले, तरी ३४ मिमी तुमच्या टेबलातून गेले. 'शेरा' रकाना जवळजवळ तेवढाच असणार.

वर्डच्या ऑप्शन्समध्ये ए-फोर आणि लेटर एकमेकांत बसवून छापण्याची सोय आहे, पण ती त्या दोन मापांपुरतीच. लीगलला तिचा उपयोग नाही. साइजमध्ये ए-फोर करा आणि मगच पुढे जा.

पान ए-फोर केल्यावर टेबल आपोआप लहान होईलच असं नाही. टेबलात कर्सर ठेवा, वर जो टेबलाचा 'लेआउट' टॅब येतो त्यात 'ऑटोफिट' आहे, तिथे 'ऑटोफिट विंडो' निवडा. टेबल दोन्ही समासांच्या आत बसेल. मग लगेच तिथेच 'फिक्स्ड कॉलम विड्थ' निवडा. हे दुसरं पाऊल लोक विसरतात. ते केलं नाही, तर मजकुराप्रमाणे रकाने स्वतःहून फुगण्याची सोय चालूच राहते. मग एखाद्या सभासदाचा लांबलचक ईमेल पत्ता किंवा मधे जागा न सोडता टाइप केलेला खातेक्रमांक आला, की तो रकाना रुंद होतो आणि शेजारच्यांना ढकलत शेवटच्या रकान्याला पानाबाहेर घालवतो. एक्सेलमधून आणून चिकटवलेल्या टेबलात हे हमखास होतं. त्याच टॅबमधल्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ऑप्शन्स' बटणाखाली 'ऑटोमॅटिकली रिसाइज टु फिट कंटेंट्स' असा चौकोन आहे, त्यातली खूण गेली आहे ना, ते बघा.

रकान्यांची रुंदी मात्र ऑटोफिटवर सोडू नका, हिशोब करून ठरवा. आडव्या ए-फोरवर दोन्हीकडे १५ मिमी समास ठेवला तर २६७ मिमी उरतात. तुमच्या नऊ रकान्यांना मी असे वाटून देईन: अनुक्रमांक १२, सदनिका क्रमांक १८, सभासदाचं नाव ६५, मग मागील बाकी, चालू आकारणी, व्याज, जमा आणि एकूण येणे हे पाच रकमांचे रकाने प्रत्येकी २६, आणि शेऱ्याला ४२. बेरीज बरोबर २६७. २६ मिमीच्या रकान्यात लाखाच्या घरातली रक्कम पैशांसकट एका ओळीत बसते. रक्कम कधीही दोन ओळींत तुटू देऊ नका. सभेत वाचणारा पहिलीच ओळ वाचतो.

समास १५ मिमीपेक्षा कमी करण्याच्या मोहात पडू नका. बहुतेक लेझर प्रिंटर कागदाच्या कडेचे ४-५ मिमी छापतच नाहीत, आणि फाइलला भोकं पाडायची तर डावीकडे जागा लागतेच.

आता रेषा. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. वर्डमध्ये टेबलाला 'ग्रिडलाइन्स' असतात, त्या फिकट तुटक रेषा फक्त स्क्रीनवर काम करताना दिसाव्यात म्हणून असतात. त्या कधीच छापल्या जात नाहीत. छापल्या जातात त्या 'बॉर्डर्स'. 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' बटण बंद करून बघा. बंद केल्यावर ज्या रेषा स्क्रीनवरून गेल्या, त्या मुळात नव्हत्याच. अख्खं टेबल निवडा आणि 'ऑल बॉर्डर्स' द्या.

रेषा खरोखर असूनही कागदावर तुटत असतील, तर जाडी आणि रंग बघा. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, सुमारे ०.३५ मिमी. पाव पॉइंटची रेषा ०.०९ मिमीची. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके टाकणाऱ्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिमीचा असतो, म्हणजे ती रेषा जेमतेम दोन ठिपक्यांची. दुकानात टोनर वाचवण्याचं सेटिंग चालू असेल, तर त्या दोनातला एखादा फिका होतो. त्यात सोसायटीचं काम असं असतं की एक प्रत प्रिंट करायची आणि तिच्या साठ-सत्तर झेरॉक्स काढायच्या. झेरॉक्समध्ये ती रेषा आणखी उतरते. म्हणून ज्या कागदाची झेरॉक्स निघणार आहे, त्यावर मी आतल्या रेषा अर्ध्या पॉइंटच्या आणि बाहेरची चौकट एक पॉइंटची ठेवते. त्याहून बारीक रेषा फक्त छापखान्यात ऑफसेट यंत्रावर छापायच्या कामात.

रंग काळाच हवा. बऱ्याच तयार टेबल स्टाइल्समध्ये रेषा राखाडी असतात आणि स्क्रीनवर त्या फार सुबक दिसतात. काळ्या टोनरचा प्रिंटर राखाडी रंग छापू शकत नाही, तो काळे ठिपके विरळ टाकून राखाडीचा भास निर्माण करतो. मोठ्या भागावर हे चालतं. बारीक रेषेत विरळ ठिपक्यांना जागाच नसते, त्यामुळे रेषा मधेमधे तुटते किंवा पूर्ण जाते. 'काही उभ्या रेषा गायब' हे तुमचं वर्णन वाचून मला तरी राखाडी रेषांचाच संशय आहे. बेरजेच्या ओळीमागे राखाडी रंग भरला असेल तर तोही काढा आणि बेरीज ठळक करा. राखाडीवरचे आकडे झेरॉक्समध्ये वाचता येत नाहीत.

आता कापलेली डोकी. हा मुद्दा मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाचा आहे आणि इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या सूचनांत तो क्वचितच येतो, म्हणून इथे जास्त लिहिते.

इंग्रजी अक्षराला वर-खाली जेवढी जागा लागते, त्याहून आपल्या अक्षराला जास्त लागते. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. ओळीला मोजून जागा दिली की पहिला बळी वरच्या चिन्हांचा जातो. 'खर्च'मधला रफार गेला की 'खच' उरतं, 'दंड'चा अनुस्वार गेला की 'दड'. 'दुरुस्ती निधी'मध्ये ओळ खालून कापली तर 'दु'चा उकार जातो, वरून कापली तर वेलांट्या. एखाद्या सभासदाचं आडनाव रफार कापून छापलं गेलं, तर त्याला ते खटकणारच आणि त्याचं बरोबर आहे. नोटिशीवर माणसाचं नाव शुद्ध यायलाच हवं.

हे दोन ठिकाणांहून होतं आणि दोन्ही बघावी लागतात. पहिलं ठिकाण ओळीची उंची. टेबल निवडा, प्रॉपर्टीजमध्ये 'रो' टॅब उघडा. 'स्पेसिफाय हाइट'समोर खूण असेल आणि 'रो हाइट इज' याच्यासमोर 'एक्झॅक्टली' असेल, तर ते 'ॲट लीस्ट' करा. एक्झॅक्टली म्हणजे मजकूर मावो न मावो, उंची तेवढीच. जे मावलं नाही ते कापलं जाणार. ॲट लीस्ट म्हणजे कमीत कमी एवढी, गरज पडली तर वाढेल. सगळ्या ओळी एकसारख्या दिसाव्यात म्हणून कोणीतरी नमुन्यात एक्झॅक्टली करून ठेवतं. शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळींचा मजकूर आला, की दुसरी ओळ अर्धी किंवा पूर्ण गायब. मराठी टेबलात मी एक्झॅक्टली कधीच वापरत नाही.

दुसरं ठिकाण परिच्छेदातलं अंतर. अख्खं टेबल निवडून 'पॅराग्राफ'ची चौकट उघडा. 'लाइन स्पेसिंग'मध्ये 'एक्झॅक्टली १२ पॉइंट' वगैरे असेल तर 'सिंगल' करा. 'बिफोर' आणि 'आफ्टर'मध्ये शून्य किंवा फार तर २ पॉइंट. पहिलं ठिकाण बरोबर करूनही डोकी कापली जात असतील, तर कारण इथे सापडतं. ओळी फार उंच वाटल्या तर अंतर दाबू नका, फॉन्ट एक पॉइंटने लहान करा. दहा पॉइंटचं पूर्ण अक्षर बारा पॉइंटच्या कापलेल्या अक्षरापेक्षा केव्हाही चांगलं वाचता येतं.

इथेच फॉन्टचा प्रश्न येतो. टेबल निवडून कंट्रोल-डी दाबा. फॉन्टच्या चौकटीत वर 'लॅटिन टेक्स्ट' आणि खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन भाग दिसतील. देवनागरी खालच्या भागात येते, तिचा फॉन्ट आणि आकार वेगळा असतो. वर काहीतरी निवडलंय आणि खाली भलतंच, असं पुष्कळ फाइलींत असतं. खाली मंगल असेल तर एक लक्षात घ्या. विंडोज १०पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट ऐच्छिक झाले, ते प्रत्येक मशिनवर असतातच असं नाही. निर्मला यूआय मात्र असतो. तुमच्या लॅपटॉपवर मंगल आहे आणि दुकानातल्या मशिनवर नाही, तर तिथे वर्ड दुसरा फॉन्ट घेतं, अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची बदलते, आणि तीन पानांचं टेबल साडेतीन पानांवर जातं. कोणाला काही चुकल्याचं कळतही नाही.

मराठी श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर अवस्था आणखी वाईट होते. मराठी टायपिंगची ही दोन्ही सॉफ्टवेअर आपल्या पुण्यातलीच, श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची आणि आयएसएम सी-डॅक या सरकारी संस्थेचं, आणि मराठी छपाईवर दोन्हींचे मोठे उपकार आहेत. पण त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो. तो फॉन्ट समोरच्या मशिनवर नसेल, तर टेबलभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्याला लोक 'फाइल करप्ट' म्हणतात. अशी फाइल वर्डमध्ये कोणाकडेही पाठवू नये, पीडीएफच द्यावी.

आता दुसऱ्या पानावर रकान्यांची नावं न येणं. पहिल्या ओळीत कर्सर ठेवून टेबलाच्या लेआउट टॅबमध्ये 'रिपीट हेडर रोज' दाबा. नावं दोन ओळींत असतील तर दोन्ही निवडून दाबा, निवड पहिल्या ओळीपासूनच सुरू व्हायला हवी. हे करूनही नावं आली नाहीत, तर पुढची तीन कारणं तपासा. एक, कोणीतरी टेबलाच्या मधे कंट्रोल-एंटर दाबून पान तोडलंय. तिथे वर्डच्या दृष्टीने नवीन टेबल सुरू होतं. दोन, प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट रॅपिंग' 'अराउंड' आहे. ते 'नन' करा. तीन, तुमचं टेबल दुसऱ्या टेबलाच्या एका घरात (सेलमध्ये) बसलंय. वेबपानावरून किंवा दुसऱ्याच्या नमुन्यातून आणलेल्या टेबलात हे होतं, आणि बाहेरच्या टेबलाला रेषा नसल्याने ते दिसतही नाही. ग्रिडलाइन्स चालू करा, की बाहेरची तुटक चौकट दिसेल.

या तिसऱ्या कारणाकडे हिशोबाच्या टेबलात फार गांभीर्याने बघायला हवं. एका पतसंस्थेचा कर्जवाटपाचा तक्ता माझ्याकडे आला होता. छापील पानावरच्या रकमांची बेरीज खाली दिलेल्या एकूण रकमेशी जुळेना. हिशोबनीस दोन दिवस आकडे तपासत होते. आकडे बरोबरच होते. अख्खा तक्ता बाहेरच्या टेबलाच्या एका ओळीत होता, त्या ओळीची उंची एक्झॅक्टली होती, आणि 'येणे व्याज' ही एकूण रकमेच्या आधीची, तक्त्यातली शेवटची ओळ पानाच्या तळाशी बुडून गेली होती. एकूण रक्कम वेगळ्या टेबलात असल्याने ती व्यवस्थित छापली गेली. छपाईत रेषा तुटली तर वाईट दिसतं, पण ओळ बुडाली तर हिशोब खोटा ठरतो आणि उत्तर समितीला द्यावं लागतं. म्हणून सांगते, थकबाकीची यादी छापल्यावर शेवटचा अनुक्रमांक आणि सभासदांची संख्या जुळते का, हे कागदावरून मोजा, स्क्रीनवरून नको.

'रो' टॅबमध्ये आणखी एक खूण आहे, 'अलाउ रो टु ब्रेक ॲक्रॉस पेजेस'. तुमच्यासारख्या यादीत ती काढून टाका, म्हणजे एका सभासदाची ओळ दोन पानांत तुटणार नाही. पण ज्या टेबलात एकेका घरात पानभर मजकूर असतो, उदाहरणार्थ इतिवृत्ताचं टेबल, तिथे ती खूण राहू द्या. पानापेक्षा उंच ओळीला तुटायला मनाई केली, तर खालचा भाग जातो.

उलट तक्रारही येते, की टेबल उगाच पुढच्या पानावर उडी मारतं आणि मागे अर्धं पान मोकळं राहतं. तेव्हा टेबल निवडून पॅराग्राफच्या चौकटीत 'लाइन अँड पेज ब्रेक्स'मधली 'कीप विथ नेक्स्ट'ची खूण काढा.

शेवटचं कोरं पान सगळ्यात सोपं. वर्डमध्ये टेबलाने फाइल संपवता येत नाही, टेबलाखाली एक रिकामा परिच्छेद असतोच आणि तो डिलीट होत नाही. टेबल पान भरून संपलं की तो पुढच्या पानावर जातो. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून ती खूण दिसू द्या, ती निवडा, आकार १ पॉइंट करा, ओळीचं अंतर एक्झॅक्टली १ पॉइंट आणि आधी-नंतरचं अंतर शून्य. (एक्झॅक्टलीचा हा एकच उपयोग मला मान्य आहे, कारण तिथे अक्षरच नाही.)

हे सगळं झालं की पुन्हा पीडीएफ करा. पीडीएफ करताना 'ऑप्शन्स'मध्ये पीडीएफ-ए या प्रकाराची खूण केलीत तर फॉन्ट आत समाविष्ट होतात, मग दुकानात तो फॉन्ट असो वा नसो. वर्डचीच फाइल द्यावी लागत असेल, उदाहरणार्थ लेखापरीक्षकांना बदल करायचे असतील, तर ऑप्शन्समध्ये 'सेव्ह'खाली 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' आहे. मात्र ज्या फॉन्टच्या मालकाने परवानगी दिली आहे तेच फॉन्ट असे आत जातात. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पानाचा फोटो काढून नको; फोटो दाबून लहान केला जातो आणि आकडे पुसट होतात.

दुकानात तीन गोष्टी आवर्जून सांगा. प्रिंटच्या चौकटीत कागद ए-फोर, माप 'ॲक्च्युअल साइज', आणि टोनर वाचवण्याचं किंवा ड्राफ्टचं सेटिंग बंद. मग एकच पान काढून घ्या, ते हातात घेऊन चारही कडा, रेषा आणि एखादं रफाराचं नाव तपासा, आणि मगच बाकीची पानं काढायला सांगा. 'फिट'वर छापलं तर टेबल कागदात बसतं खरं, पण सगळं थोडं लहान होतं, बारीक रेषाही आणखी बारीक होतात. दुकानदाराला घाई असते, त्याचाही दोष नाही. सोसायट्यांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असतात आणि नोटीस १४ दिवस आधी द्यायची असते, त्यामुळे ही सगळी कामं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदम येतात. त्यात गणपतीच्या मंडळांचे अहवाल आणि पावतीपुस्तकं. शक्य असेल तर सकाळी दुकान उघडताना जा.

एवढं करूनही टेबल विचित्र वागलं, तर फाइलच्या आत जुन्या नमुन्याचा गाळ साठलाय असं समजा. नवीन कोरी फाइल उघडा, पान ए-फोर आडवं करा. जुन्या फाइलमधलं टेबल निवडून टेबलाच्या लेआउट टॅबमधल्या 'कन्व्हर्ट टु टेक्स्ट'ने मजकुरात बदला, रकाने वेगळे करायला टॅब निवडा. तो मजकूर नव्या फाइलमध्ये 'कीप टेक्स्ट ओन्ली' करून चिकटवा आणि तिथे पुन्हा 'कन्व्हर्ट टेक्स्ट टु टेबल' करा. एक लक्ष ठेवा, एखाद्या घरात एंटर दाबून दोन परिच्छेद केले असतील, तर त्या जागी नव्या टेबलात ओळ फुटेल. ती आधी जोडून घ्या. आधीची सगळी मांडणी मागे राहते, आकडे तेवढे येतात. पुन्हा टाइप करायला नको, म्हणजे टायपिंगची नवी चूकही नको.

वर्डऐवजी लिबरऑफिस वापरत असाल तर वरची ओळ प्रत्येक पानावर आणणं आणि ओळ तुटू न देणं या गोष्टी टेबल प्रॉपर्टीजमधल्या 'टेक्स्ट फ्लो' टॅबमध्ये मिळतील. गूगल डॉक्समध्येही या दोन्हींची सोय आहे. पण एकाच कामासाठी फाइल वर्डमधून लिबरऑफिसमध्ये आणि परत अशी फिरवू नका, प्रत्येक फेरीत रुंदी थोडी सरकते. मोबाइलवर टेबल वाकडं दिसलं तर त्यावरून काही ठरवू नका, पीडीएफ बघा.

आधी पीडीएफ करा, मग साइज बघा आणि इथेच लिहा: पान लीगल निघालं का, पीडीएफमध्ये कोणत्या तक्रारी उरल्या, आणि कंट्रोल-डीच्या चौकटीत खालच्या भागात कोणता फॉन्ट आहे. फाइल पाठवू नका, तिच्यात सभासदांची नावं आणि थकबाकी आहे. एवढ्या तीन उत्तरांवर पुढचं सांगता येईल.